नियंत्रण मनोरा कुणाचा? खासगीकरणाच्या वादात आपण विचारायचा प्रश्न

खासगीकरणाचा विषय निघाला की आपल्या सभांमध्ये दोनच भाषणे होतात. एक म्हणते, सरकारी ते आपले, विकू देणार नाही. दुसरे समोरच्या बाकावरून येते की सरकारी खात्यात कामे होत नाहीत, कंपनीत होतात. तरुण कार्यकर्ता टाळ्या वाजवून घरी जातो. दुसऱ्या दिवशी कॉलेजात कुणी त्याच्यापुढे कॅनडाचे उदाहरण टाकले तर त्याच्याकडे उत्तर नसते.

म्हणून आज एकाच सेवेचा इतिहास पाहू. हवाई वाहतूक नियंत्रण. मनोऱ्यात आणि रडारसमोर बसलेले अधिकारी प्रत्येक विमानाला उंची आणि दिशा ठरवून देतात, दोन विमानांमधले अंतर राखतात. इथे चूक झाली तर शेकडो माणसे मरतात. ही सेवासुद्धा सरकारच्या हातून काढता येते का, यावर जगभर वाद झाला. तो वाद समजला तर बाकीचे वाद सोपे जातात.

पहिली गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. अमेरिकेत ही सेवा खासगीच सुरू झाली. १९३५ च्या डिसेंबरात विमान कंपन्यांनी एकत्र येऊन नेवार्क इथे पहिले मार्ग नियंत्रण केंद्र उघडले. पुढच्या वर्षी शिकागो आणि क्लीव्हलँड इथे केंद्रे झाली. पण एका कंपनीच्या माणसाने दुसऱ्या कंपनीच्या विमानाला थांब म्हणायचे, तर त्यामागे कायद्याचा अधिकार लागतो. जुलै १९३६ मध्ये संघराज्य सरकारने ही केंद्रे ताब्यात घेतली. २० वर्षांनी, ३० जून १९५६ ला, ग्रँड कॅनियनवर दोन प्रवासी विमाने आदळून १२८ माणसे मेली. त्यानंतर १९५८ चा कायदा आला आणि सगळे आकाश एका यंत्रणेखाली आणले गेले. म्हणजे सरकारीकरण हा कुणा डाव्यांचा हट्ट नव्हता. धंद्याची गरज आणि माणसांचे मरण, या दोन गोष्टींनी ते घडवले.

आता दुसरी बाजू. सरकार मालक झाले म्हणजे कामगाराचा सोबती झाले, असेही नाही. ३ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेतले सुमारे १३,००० नियंत्रक संपावर गेले. कामाचे तास कमी करा, पगार वाढवा, या मागण्या होत्या. त्यांच्या संघटनेने आदल्या वर्षीच्या निवडणुकीत रोनाल्ड रेगन यांनाच पाठिंबा दिला होता. रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि ११,३४५ जणांना नोकरीवरून काढले. शिवाय त्यांना सरकारी हवाई सेवेत पुन्हा घेण्यावर बंदी घातली. ती १९९३ मध्ये उठली. सरकारी मालकीची पूजा करणाऱ्यांनी हे वर्ष विसरू नये.

पुढच्या काळात देशांनी तीन वेगळ्या वाटा धरल्या.

ब्रिटनमध्ये १९९६ च्या अधिवेशनात मजूर पक्षाच्या वाहतूक प्रवक्त्याने आमचे आकाश विकाऊ नाही, असे ठणकावून सांगितले. सत्तेत आल्यावर त्याच पक्षाने २००१ मध्ये नियंत्रण सेवेतला ४६ टक्के वाटा विमान कंपन्यांच्या गटाला विकला. काही आठवड्यांत ११ सप्टेंबरचा हल्ला झाला, अटलांटिकवरची वाहतूक घटली आणि कर्जाने लादलेली कंपनी अडचणीत आली. २००३ मध्ये सरकारने ६.५ कोटी पौंड घातले, विमानतळ चालवणाऱ्या एका कंपनीने तेवढेच घातले, तेव्हा ती सावरली. तोटा झाला की तो पुन्हा जनतेच्या दाराशी येतो, तो असा.

जर्मनीत २००६ मध्ये संसदेने ७४.९ टक्के वाटा विकण्याचा कायदा मंजूर केला. राष्ट्राध्यक्ष हॉर्स्ट क्योलर यांनी सही नाकारली. हवाई नियंत्रण हे राज्यसंस्थेचे काम आहे आणि हा कायदा संविधानात बसत नाही, हे त्यांचे कारण. त्यांनी सेवा चांगली की वाईट हे पाहिलेच नाही. त्यांनी अधिकार कुणाचा हे पाहिले.

कॅनडात १९९६ मध्ये ही सेवा दीड अब्ज डॉलरला नॅव्ह कॅनडा या कंपनीकडे गेली. या कंपनीला भागधारक नाहीत, ती नफा वाटत नाही, आणि तिच्या संचालक मंडळावर विमान कंपन्या, सरकार आणि कामगार संघटना यांनी नेमलेली माणसे असतात. ती नीट चालली, हे मान्य करायला हवे. खासगीकरणाचे समर्थक नेहमी हेच उदाहरण देतात, पण अर्धेच देतात. कॅनडात १९८६ पासून रोजगार समता कायदा आहे. संघराज्याच्या अखत्यारीतल्या बँका, दूरसंचार आणि विमान वाहतूक या क्षेत्रांतल्या मोठ्या खासगी मालकांनाही स्त्रिया, आदिवासी, अपंग आणि वांशिक अल्पसंख्याक यांचे आपल्या नोकरवर्गातले प्रमाण जाहीर करावे लागते, अडथळे दूर करण्याची योजना करावी लागते. त्यात आपल्यासारख्या राखीव जागा नाहीत. पण मालक बदलला म्हणून समतेची जबाबदारी संपली, असे तिथे झाले नाही.

आपल्याकडे नेमके तेच होते, आणि आपला प्रश्न इथे सुरू होतो.

१९७९ चा एक निकाल प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावा. मुंबई विमानतळावरचे एक उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालवण्याच्या निविदेवरून रमण दयाराम शेट्टी सर्वोच्च न्यायालयात गेले. विमानतळ प्राधिकरणाने स्वतःच घातलेली अट मोडून दुसऱ्याला कंत्राट दिले, ही तक्रार. शेट्टींना प्रत्यक्ष दिलासा मिळाला नाही. पण न्यायमूर्ती भगवती यांनी ठरवले की प्राधिकरण हे अनुच्छेद १२ प्रमाणे ‘राज्य’ आहे, त्याला मनमानी करता येणार नाही. स्नॅक बारच्या भांडणातून केवढे तत्त्व निघाले पाहा! जे ‘राज्य’ आहे, त्याला समान संधीचे अनुच्छेद १६ बांधते, आणि १६(४) मधल्या आरक्षणाची वाटही तिथूनच जाते.

आज भारतीय विमानतळ प्राधिकरणात भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सी झालेला वस्तीतला मुलगा नियंत्रकाच्या परीक्षेला बसतो, तेव्हा त्या जाहिरातीत अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गाच्या जागा असतात. २००६ मध्ये मुंबई विमानतळ चालवायला दिले गेले. ७४ टक्के वाटा खासगी गटाचा, २६ टक्के प्राधिकरणाचा. नियंत्रण मात्र प्राधिकरणाकडेच राहिले. तेव्हापासून एकाच आवारात दोन कायदे नांदतात. मनोऱ्यातल्या भरतीला आरक्षण आहे, टर्मिनल चालवणाऱ्या कंपनीच्या भरतीला नाही. उद्या मनोराही वेगळी कंपनी करून विकला, तर एकही घोषणा न देता, एकही कायदा रद्द न करता आरक्षण संपेल.

न्यायालय थांबवेल का? २००१ च्या बाल्को निकालात कामगारांनी हेच म्हटले होते की विक्रीमुळे आमचे अनुच्छेद १४ आणि १६ चे संरक्षण जाते. न्यायालयाने सांगितले की कंपनी सरकारीच राहावी असा हक्क कामगारांना नाही. निर्गुंतवणूक हे आर्थिक धोरण आहे.

बाबासाहेबांनी हा धोका आधीच ओळखला होता. मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये त्यांनी केंद्रीय सेवांत अनुसूचित जातींना ८.३३ टक्के जागा मिळवून दिल्या, म्हणजे सरकारी नोकरीचे मोल त्यांना ठाऊक होते. पण १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात ते पुढे गेले. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, विमा राज्याचा असावा, आणि हे संविधानातच लिहावे, म्हणजे बहुमत बदलले की व्यवस्था बदलणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. ती संविधानात आली नाही. विक्रीची किल्ली सरकारच्या खिशात राहिली.

मग आपण काय मागायचे? नुसते ‘विकू नका’ म्हणून भागणार नाही, कारण विक्री थांबली तरी कंत्राटी भरतीतून आरक्षण गळतच असते. मागणी अशी हवी की सार्वजनिक काम कुणीही करो, अनुच्छेद १६(४) ची जबाबदारी त्या कामाबरोबर जावी. हे अशक्य नाही. ज्या २००६ साली मुंबई विमानतळ गेले, त्याच वर्षी ९३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि अनुच्छेद १५(५) ने खासगी शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशासाठी आरक्षणाचा कायदा करण्याची वाट उघडली. शिक्षणात जे करता आले, ते नोकरीत का करता येऊ नये?

पुढच्या वेळी कुणी कॅनडाचे नाव घेतले तर घाबरू नका. म्हणा, चला, कॅनडासारखे करू, पण मग समतेच्या कायद्यासकट पूर्ण कॅनडा आणा.

जय भीम!