रायफल शिकाऱ्याची, काडतूस सरकारचे

नवी शिकारी रायफल घेतली की तिच्यासाठी कारखान्याचे कोणते काडतूस निवडावे, हा प्रश्न अमेरिकेत किंवा युरोपात दुकानाच्या फळीसमोर उभे राहून सुटतो. भारतात तो दीर्घकाळ कायद्यानेच सोडवला. हिंगोली जिल्ह्यातील कुरुंद्यासारख्या गावी १९६०च्या दशकात एखाद्या बागायतदाराने परवान्यावर रायफल घेतली असती, तर तिच्यात कोणती गोळी भरली जाणार हे बहुतांशी त्याच्या जन्माआधीच ठरलेले होते. ते कसे ठरले, याविषयी हा धागा.

कुरुंदा वसमत तालुक्यात आहे. नरहर कुरुंदकरांच्या आडनावातले गाव ते हेच. १९४८पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि हिंगोलीला १९०३पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची लष्करी छावणी होती. काळवीट, रानडुक्कर आणि रोही (म्हणजे नीलगाय) यांचा हा प्रदेश. साहेबाच्या लेखी तो शिकारीचा मुलूख होता. कुणब्याच्या लेखी मात्र हीच जनावरे रात्रीतून उभे पीक लोळवणारी होती. बंदुकीचा प्रश्न या दोघांचाही होता. कायद्याने तो दोघांसाठी सारखा सोडवला नाही.

१८५७च्या उठावाची ठिणगी एन्फिल्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसावरून पडली, हे शाळकरी पुस्तकातही असते. त्यानंतर सरकारने काय केले, हे मात्र क्वचित सांगितले जाते. १८६९ साली पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा आला. एकीकडे काडतूस बनवण्याचे काम सरकारच्या भिंतीआड गेले, दुसरीकडे ते बाळगणे परवान्यावर आले.

पाचच वर्षांनी, १८८३ साली, महात्मा फुले ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या प्रश्नावर बोट ठेवतात. रानडुकरांपासून शेत राखण्यासाठी शेतकऱ्याला निदान गावठी तोड्याची बंदूक तरी ठेवू द्या, अशी त्यांची मागणी आहे. तेवढाही विश्वास नसेल तर राखणीचे काम पोलिसांवर सोपवा, आणि तरीही पीक गेले तर भरपाई पोलिसांच्या पगारातून किंवा सरकारी खजिन्यातून द्या, असे ते पुढे सुचवतात. हत्यारांच्या कायद्यावर राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावरून पुढे पुष्कळ टीका झाली. पण तिचा सूर बहुधा मानापमानाचा होता. फुल्यांचा हिशेब पिकाचा होता.

फुल्यांनी तोड्याचीच बंदूक का म्हटली, हे समजून घेण्यासारखे आहे. तोड्याच्या बंदुकीला कारखाना लागत नाही. दारू गावात कुटता येते, शिसे चुलीवर वितळवून गोळ्या ओतता येतात. धातूच्या काडतुसाचे तसे नाही. पितळी पुंगळी, बुडाशी पेटवणारी टोपी, मोजून भरलेली दारू आणि नेमक्या व्यासाची गोळी हे सारे यंत्रावरच होते. रायफल एकदा घरात आली की तीन पिढ्या टिकते; काडतूस झाडले की संपते आणि पुन्हा मागायला जावे लागते. रायफलीची सुधारणा जसजशी होत गेली, तसतशी ती बाळगणारा माणूस सरकारवर अधिक अवलंबून होत गेला.

सरकारची धास्ती गोऱ्या शिकाऱ्यालाही चुकली नाही. मार्टिनी-हेन्री ही .४५० व्यासाची जुनी लष्करी रायफल बंडखोरांच्या हाती पडलेली होती, आणि शिकारी काडतुसांतील गोळ्या तिच्यासाठी वापरल्या जातील अशी भीती होती. म्हणून १९०७च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदान येथे .४५० बोअरच्या दारूगोळ्यावर बंदी आली. लंडनच्या बंदूकवाल्यांनी तोड काढली ती व्यास किंचित बदलून. .४६५, .४७० आणि .४७६ या बोअरचा बोलबाला त्यातून झाला. आफ्रिकेत हत्तीमागे जाणारे शिकारी आजही ज्या .४७०ची वाखाणणी करतात, तिची भरभराट हिंदुस्थानातल्या एका मनाईमुळे झाली आहे.

साध्या शिकाऱ्याची गोष्ट .३०३पाशी अडली. ते फौजेचे बोअर, म्हणून सामान्य माणसाला वर्ज्य. तेव्हा बी.एस.ए. कंपनीने ली-एन्फिल्डच्याच घडणीची रायफल ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिलिमीटर मॅनलिखर काडतुसासाठी बनवली. हीच आपल्याकडची ‘तीनशे पंधरा’. ऑस्ट्रियन सैनिकासाठी घडलेले काडतूस मराठवाड्यातल्या रानापर्यंत पोहोचले ते केवळ ब्रिटिश फौजेचे नव्हते म्हणून!

बोअर ठरल्यावर निवडीला उरते काय? तर गोळीचे टोक. पूर्ण धातूचे कवच असलेली गोळी हाडातून आरपार जाते, ती हत्ती-गव्यासाठी. मऊ शिशाचे टोक उघडे ठेवलेली गोळी शरीरात पसरते आणि हरीण किंवा डुक्कर जखमी होऊन पळण्याऐवजी जागीच पडते. हा प्रकार प्रसिद्ध झाला तो कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्याच्या नावाने. १८९९च्या हेग परिषदेने अशी गोळी युद्धात निषिद्ध ठरवली. शिकारीत मात्र उलट तीच योग्य मानली जाते. मराठवाड्यातल्या जनावरांसाठी मऊ टोकाचीच गोळी हवी, यात फारसा वाद नव्हता.

उन्हाळ्याची बाब त्याहून सूक्ष्म. कॉर्डाइट ही दारू तापली की नळीतला दाब वाढतो. म्हणून विलायती कारखाने उष्ण देशांसाठी दारू थोडी कमी भरलेली काडतुसे वेगळी काढत. दुनळी रायफलीच्या दोन्ही नळ्या एकाच भरणीवर जुळवलेल्या असत. काडतूस बदलले की दोन गोळ्या दोन ठिकाणी. मे महिन्यातल्या मराठवाड्यात ही गोष्ट पुस्तकी नव्हती.

स्वातंत्र्यानंतर १९५९चा शस्त्र कायदा आला, पण वर्ज्य आणि अवर्ज्य बोअरची विभागणी तशीच राहिली. इशापूरच्या सरकारी कारखान्यातून .३१५ रायफल निघू लागली आणि तिचे २४४ ग्रेनच्या, म्हणजे सुमारे १६ ग्रॅमच्या गोळीचे काडतूस खडकीहून येई. बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे असत. आयात आटली होती, त्यामुळे पर्याय जवळजवळ नव्हताच. वर्षाला किती काडतुसे घ्यायची तेही परवान्यावर लिहिलेले. नव्या रायफलीचा नेम बसवण्यात किती खर्चायची आणि शिवारासाठी किती राखायची, एवढाच हिशेब मालकाच्या हाती होता.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार आवळली आणि १९९१च्या दुरुस्तीने ती जवळपास संपवली. आता पीक नासणारे रानडुक्कर किंवा रोही मारायचे तर वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. १९५९च्या कायद्यातील तेराव्या कलमात मात्र पीकरक्षणासाठीच्या बंदुकीचा उल्लेख स्वतंत्रपणे आहे. ती बंदूक तोंडाकडून दारू ठासून भरायची आहे, म्हणजे फुल्यांनी १८८३ साली मागितली होती त्याच जातकुळीची.