मिस्ड कॉल : न उचललेल्या फोनचा इतिहास

दोनदा रिंग वाजते आणि फोन थांबतो. पडद्यावर क्रमांक उमटलेला असतो. त्याचा अर्थ ठरलेला असे : ‘सुखरूप पोहोचलो’, किंवा ‘आता तू कर’. तुळजापूर तालुक्यातून सोलापूर–हैदराबाद महामार्ग जातो. त्यावरच्या अणदूरसारख्या गावात, पुण्या-मुंबईस गेलेल्या मुलाची खुशाली एके काळी अशीच, एक पैसाही न मोजता, घरी येत असे.

जो कॉल झालाच नाही, त्याचा क्रमांक मात्र पोहोचला, तो कसा?

टेलिफोनच्या पहिल्या शतकात असे घडणे जवळजवळ अशक्य होते. आल्मन स्ट्रोजर या अमेरिकनाने १८९१ साली स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट मिळवले. त्यात तबकडीवर फिरवलेला प्रत्येक आकडा यंत्राला एकेक पायरी पुढे नेई आणि तिथेच खर्ची पडे. पलीकडच्या टोकाला पोहोचे तो फक्त घंटा वाजवणारा विद्युतप्रवाह. कोणी केला होता, याची नोंद त्या व्यवस्थेत कुठेच उरत नसे.

आपल्याकडे ‘परत फोन करणे’ हे काम तेव्हा माणसेच करीत. दूरच्या गावासाठी ट्रंक कॉल नोंदवावा लागे आणि ऑपरेटरने जोडून देईपर्यंत ताटकळावे लागे. ऑपरेटरविना परगावी फोन लावण्याची एसटीडी सेवा भारतात प्रथम १९६० मध्ये लखनौ–कानपूर दरम्यान सुरू झाली. खेड्यांपर्यंत ती यायला आणखी कित्येक वर्षे गेली. तोवर ‘पी. पी.’ नंबर होता. शेजाऱ्याच्या वा दुकानदाराच्या फोनचा क्रमांक आपल्या नावापुढे लिहायचा. फोन आला की, ‘बोलावून ठेवा, दहा मिनिटांनी पुन्हा करतो,’ असा निरोप यायचा आणि एखादे पोर धावत सुटायचे. लग्नपत्रिकांवरही ही दोन अक्षरे छापली जात.

१९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने गावांसाठी १२८ लाइनचे छोटे एक्स्चेंज घडवले. ते धुळीत, उन्हात, वातानुकूलनाशिवाय चाले. त्यातले पहिले १९८६ साली कर्नाटकातील कित्तूरला बसले. त्यानंतरच्या काळात रस्तोरस्ती पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ उभे राहिले.

मूळ बदल मात्र तारेतल्या संभाषणाच्या मार्गात नव्हता, त्याच्या शेजारी होता. ‘सिग्नलिंग सिस्टिम ७’ या नावाने १९८० च्या सुमारास प्रमाणित झालेल्या पद्धतीत आवाज एका वाटेने जातो आणि कॉलविषयीचे संदेश दुसऱ्या. रिंग वाजण्याआधीच एक संदेश पुढे धावतो. त्यात कोणाला आणि कोणाकडून, हे दोन्ही क्रमांक असतात. पलीकडचे एक्स्चेंज शेवटचा क्रमांक स्मृतीत ठेवू शकते. अमेरिकेत तारांकित ६९ आणि ब्रिटनमध्ये १९९४ पासून १४७१ फिरवला की हाच साठवलेला क्रमांक ग्राहकाच्या कामी येई. क्रमांक गुप्त ठेवणाऱ्याचाही क्रमांक त्या संदेशात असतोच. सोबत ‘दाखवू नये’ अशी खूण असते, इतकेच.

आकारणीचा संदेश मात्र वेगळा. पलीकडच्याने फोन उचलला की तो उलट दिशेने येतो आणि मीटर सुरू होतो. क्रमांक आधी, पैसे नंतर : या दोहोंमधल्या फटीत मिस्ड कॉल जन्मला.

भारतात १९९५ साली मोबाइल आला तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. १ मे २००३ पासून करणाऱ्यानेच पैसे द्यावेत, ही व्यवस्था लागू झाली. मग ज्याच्या खात्यात शिल्लक कमी, त्याने रिंग द्यायची आणि कमावत्याने परत फोन करायचा, हा अलिखित नियमच झाला. २०११ मध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनाला पाठिंबाही मिस्ड कॉलने नोंदवला गेला. असे कॉल मोजणारी बंगळुरूची झिपडायल ही कंपनी २०१५ मध्ये ट्विटरने विकत घेतली.

पण गरिबाची ही युक्ती कंपन्यांच्या ताळेबंदात शिरली ती २०१९ मध्ये. ज्या कंपनीचा ग्राहक फोन करतो तिने पलीकडच्या कंपनीला मिनिटाला ६ पैसे द्यायचे, असा तेव्हाचा दर होता. जिओचे म्हणणे असे : तिचे कॉल मोफत, म्हणून इतर कंपन्यांचे ग्राहक तिच्या ग्राहकांना रोज २५ ते ३० कोटी मिस्ड कॉल देतात, आणि परतीच्या कॉलचे पैसे मात्र तिला भरावे लागतात. एअरटेलचा उलट आरोप होता, की जिओने रिंगचा काळ २० सेकंदांपर्यंत घटवून मुद्दाम मिस्ड कॉल घडवले, म्हणजे परतीचा कॉल दुसऱ्याच्या खर्चाने यावा. मग एअरटेलनेही आपली रिंग २५ सेकंदांवर आणली. अंगणातून घरात येऊन फोन उचलणाऱ्या म्हातारीला पाच-दहा सेकंदांचे मोल काय असते, याचा हिशेब या भांडणात कोणाच्याच वहीत नव्हता.

१ नोव्हेंबर २०१९ रोजी ट्रायने निवाडा दिला : मोबाइलची रिंग ३० सेकंद, घरगुती फोनची ६० सेकंद.

ते ६ पैसे १ जानेवारी २०२१ रोजी शून्यावर आले. त्याच दिवशी इंडियन ऑइलने आपल्या ग्राहकांसाठी एक सोय सुरू केली : मिस्ड कॉल द्या, गॅसचे सिलिंडर नोंदवले जाईल.