खुर्चीचा उडालेला रंग

आमच्या घरात एक खुर्ची आहे. अब्बा प्राथमिक शाळेत गुरुजी होते. कुठल्याशा कचेरीच्या लिलावात त्यांनी ती घेतली. बैठक काळी, पाठही काळी. ‘अस्सल कातडं आहे, पाय वर घेऊन बसू नका,’ हे त्यांचं वाक्य आम्हा भावंडांना पाढ्यांसारखं पाठ होतं. अब्बा गेले, खुर्ची राहिली. बैठकीचा रंग उडून ती तांबूस पडली आणि पाठीला भेगा गेल्या.

एका रविवारी मी बाजारातून काळं बूटपॉलिश आणलं आणि बैठकीला, पाठीला दोन्हीकडे चोपडलं. बैठक बरी दिसू लागली. पाठीवरचं पॉलिश मात्र संध्याकाळी आलेल्या पाहुण्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेलं. ते काढायला मी थिनर घेतला. पॉलिशबरोबर मूळचा रंगही बोळ्याला लागून आला आणि खालचं विणलेलं कापड उघडं पडलं. अब्बांची अस्सल कातड्याची खुर्ची अर्धी रेक्झिनची होती!

चौकातले चांभारमामा हसले. म्हणाले, ‘गुरुजींचं पोरगं ना तू? आधी पाण्याचा थेंब टाकून बघायचा. कातडं पाणी पितं, रेक्झिन पीत नाही.’ त्या एका वाक्यामागे केवढा इतिहास आहे, हे मला नंतर वाचताना कळलं.

आपल्याकडे कातडं कमावलं जायचं ते बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा यांच्या पाण्यात. या सगळ्यांत टॅनिन हे तुरट द्रव्य असतं. ते कातड्यात मुरलं की कातडं कुजत नाही. त्यावर लोखंडाचं पाणी फिरवलं की टॅनिन आणि लोह यांचा संयोग होऊन गडद काळा रंग तयार होतो. हा रंग वरून लावलेला नसतो, तो कातड्याच्या आतच जन्मतो. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाईही याच मेळातून होते. शाई हा शब्दच फारसी ‘सियाही’वरून, म्हणजे काळेपणावरून आला. (तेव्हा ‘लाल शाई’ म्हणताना आपण ‘लाल काळेपणा’ म्हणत असतो, पण ते असो.) आयुष्यभर शाईवर जगलेल्या माझ्यासारख्याला ती आणि मामांच्या पेटीतला काळा रंग सख्खी भावंडं निघावीत, याची गंमत वाटली.

गंमत इथेच संपते. ही रसायनविद्या ज्या ढोर-चांभारांच्या हातात होती, त्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं. त्यांनी कमावलेल्या, शिवलेल्या कातड्याची मोट दिवसभर विहिरीत उतरायची. त्यांना मात्र त्याच विहिरीचं पाणी शेंदायची मुभा नव्हती. मोटेचा विटाळ कुणाला झाल्याचं ऐकिवात नाही.

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा क्विनाईन करायला गेला आणि हाती जांभळा रंग लागला. तिथून कृत्रिम रंगांचं युग सुरू झालं. १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्ट्झ यानं न्यूयॉर्कमध्ये क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याचं पेटंट घेतलं. महिन्यांचं काम दिवसांवर आलं. पण क्रोमच्या कातड्यात टॅनिन नसल्यानं लोखंडाच्या पाण्याची जादू त्यावर चालत नाही. त्याला रंग वेगळा द्यावा लागतो आणि बहुतेक सोफ्यांवर त्याचा पातळ थर वरून बसवलेला असतो. आपण ‘रंग उडाला’ म्हणतो, तेव्हा तो थर झिजलेला असतो.

रेक्झिन हे तर एका इंग्रज कंपनीचं व्यापारी नाव. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात कापडावर सेल्युलोज नायट्रेट, कापराचं तेल आणि रंग यांचा लेप देऊन, वर कातड्यासारखी नक्षी दाबून ते बनवत. १९२० च्या दशकापासून तिकडच्या रेल्वेच्या डब्यांत ते दिसू लागलं. हा लेप थिनरमध्ये विरघळतो, म्हणून माझ्या बोळ्याला सगळाच रंग आला. पुढे १९२६ मध्ये अमेरिकेत वॉल्डो सेमन यानं मुळात कडक असलेलं पीव्हीसी लवचीक करण्याची युक्ती शोधली आणि कापडावर त्याचा थर आला. आपण त्यालाही रेक्झिनच म्हणत राहिलो. त्यातलं मऊपणा देणारं द्रव्य वर्षानुवर्षं निघून जातं, म्हणून जुनी सीट ताठरते, तडकते. खोबरेल चोळून ते द्रव्य परत येत नाही.

मामांनी काम घेतलं. आधी माझं पॉलिश साबणाच्या पाण्यानं काढण्यात त्यांचा तास गेला, कारण मेणावर पाणी धरत नाही. बैठक वाळल्यावर हिरड्याचा काढा फिरवला. मग गूळपाण्यात गंजके खिळे मुरवून ठेवलेली बाटली उघडली. वास काही विचारू नका. फडकं फिरलं आणि तांबूस कातडं डोळ्यांदेखत काळं होत गेलं. स्वच्छ पाण्यानं पुसून, सावलीत वाळवून शेवटी तेलाचा हात दिला, तोही अगदी पातळ.

नव्या, वरून रंगवलेल्या सोफ्याला हा उपाय नाही. तो साबणाच्या पाण्यानं पुसून, वाळवून, कातड्यासाठी मिळणारा पाण्यात मिसळलेला रंग स्पंजनं पातळ थरांत द्यायचा आणि वर पारदर्शक लेप. व्हिनाईलला त्याच्यासाठीचाच लवचीक रंग लागतो, साधा ऑइलपेंट बसल्याबसल्या तडकतो. आणि ज्या स्वस्त सोफ्याचे पापुद्रे निघू लागलेत, त्यावर पैसे घालू नका. त्याचा पॉलियुरेथेनचा थर आपल्या दमट हवेत मुळातूनच सुटत असतो, रंग पापुद्र्याबरोबर गळून पडतो.

सोफा शब्दही अरबी ‘सुफ्फा’वरून आला. मदिनेच्या मशिदीला लागून असाच एक सुफ्फा, म्हणजे छपराचा ओटा होता. ज्यांना घरदार नाही ते त्यावर राहत. त्यांची बैठक कशाची होती, हे कुणी विचारलं नाही.

खुर्चीच्या पाठीला मामांनी नवं व्हिनाईल ठोकून दिलं. दोन्हींचा काळा रंग जुळत नाही, दिव्याखाली लगेच कळतं. मामा म्हणाले, ‘वर्षभर थांब, बैठक अजून काळी होईल.’ आठ महिने झालेत.