तळटीप १४ : साताऱ्याचा दरबार

१४. साताऱ्याचा दरबार : हा संस्थानी दरबार नव्हे. रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडून संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. पुढच्या ओळीतील ‘जाळी सोडून निघाले’ हा उल्लेख मार्ककृत शुभवर्तमानातला (१:१६–१८) : येशूने बोलावताच शिमोन व अंद्रिया हे कोळी भाऊ हातची जाळी तिथेच टाकून त्याच्यामागे गेले. टिळकांनी सोडला तो पगार, संसार नव्हे. त्यामुळे लेखकाची तुलना अर्धीच लागू पडते. टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले.