भाऊसाहेबांचा तोतया आणि आपला अंगठा

मी वालीवमधून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून रोज वालीव नाका, सातिवली, गोखिवरे असं माझं फिरणं असतं. पिशवीत कायम बायकांची कागदपत्रं असतात. आधारची झेरॉक्स, पासबुकाची झेरॉक्स, दोन फोटो. आज या कागदांविषयीच बोलायचंय, पण सुरुवात अडीचशे वर्षांपूर्वीपासून करते. बीए करताना इतिहास हा माझा विषय होता, तेव्हा तेवढी मुभा द्या.

वसईचा किल्ला आपल्या सगळ्यांनी पाहिलाय. १७३९ साली चिमाजी आप्पांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकला. त्यांचा मुलगा तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता. तोच पुढे सदाशिवराव भाऊ म्हणून पानिपतावर मराठ्यांचा सेनापती झाला. १४ जानेवारी १७६१ ला पानिपताची लढाई झाली आणि भाऊ परत आले नाहीत. रणांगणावर प्रेतांचा खच होता. भाऊंचं म्हणून जे प्रेत सापडलं, ते नक्की त्यांचंच का, ही शंका कित्येकांच्या मनात राहून गेली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई त्या मोहिमेत सोबत होत्या. त्या जिवंत परतल्या, पण नवरा गेला हे त्यांनी मान्य केलं नाही. विधवेची लक्षणं त्यांनी घेतली नाहीत, त्या वाटच पाहत राहिल्या.

लढाईनंतर तीन-चार वर्षांनी एक माणूस पुढे आला आणि म्हणाला, मीच भाऊ. उत्तरेकडचा, कनोजी ब्राह्मण, नाव सुखनिधान असं सांगतात. चेहरामोहरा भाऊंसारखा होता. आता विचार करा, त्याच्याकडे भांडवल काय होतं? थोडंसं साम्य, ऐकलेली माहिती आणि भाऊ परत यावेत अशी लोकांची इच्छा. हजारो घरांतली माणसं पानिपतावरून परतली नव्हती. भाऊ परतले असतील तर आपलाही मुलगा कुठेतरी असेल, असं कुठल्या आईला वाटलं नसेल? जनकोजी शिंद्यांचाही असाच तोतया निघाला होता.

माधवराव पेशव्यांनी या माणसाला पुण्यात आणवलं, चौकशी केली. तो तोतया ठरला. पण त्याला मारलं नाही, कैदेत टाकलं आणि तो वेगवेगळ्या किल्ल्यांवर फिरत शेवटी रत्नागिरीच्या किल्ल्यात पोचला. प्रकरण मिटलं असं पुण्यात सगळ्यांनी धरलं.

मिटलं नव्हतं. पुढे माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, गादीवर दोन वर्षांचं पोर होतं आणि कारभार नाना फडणीस व सखारामबापू पाहत होते. अशा गोंधळात १७७६ साली रत्नागिरीचे सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनी या कैद्याला सोडलं आणि भाऊसाहेब म्हणून उभं केलं. बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या ताब्यात गेले. वीसेक हजार माणसं जमली असं इतिहासकार लिहितात. तो थेट घाटापर्यंत पोचला. शेवटी महादजी शिंदे चालून गेले, तोतयाची फौज मोडली. तो मुंबईच्या दिशेने पळाला, पण रघुजी आंग्र्यांनी त्याला धरलं आणि पुण्याला पाठवलं. तिथे पुन्हा चौकशी झाली, ओळखणाऱ्यांच्या साक्षी झाल्या आणि त्या वर्षाच्या अखेरीस त्याला देहदंड दिला. नरसिंह चिंतामण केळकरांनी यावर ‘तोतयाचे बंड’ नावाचं नाटक लिहिलंय, जुन्या वाचनालयात मिळतं.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त खटकते ती मधली दहा-अकरा वर्षं. तो खोटा आहे हे एकदा ठरलं होतं, पण ते गावोगाव पोचलं नव्हतं. भाऊंचं नाव तसंच उघड्यावर पडून होतं. कुणीतरी ते पुन्हा उचललं.

आता अंगठ्याकडे येते. आपल्याकडे ‘अंगठाछाप’ ही शिवी आहे. माझ्या गटातल्या बायका सही शिकल्या तेव्हा त्यांचा आनंद मी पाहिलाय. पण अंगठ्याचा ठसा सरकारी कागदावर आला तो तोतयांमुळेच. इंग्रजांच्या काळात बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाचा अधिकारी होता. १८५८ साली त्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला. पुढे १८७७ मध्ये हुगळीला असताना त्याने पेन्शनवाल्यांचे, दस्त नोंदवणाऱ्यांचे आणि कैद्यांचे बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. कारण मेलेल्या माणसाची पेन्शन दुसरंच कुणी उचलायचं. पैसे घेऊन दुसऱ्याच्या नावाने तुरुंगात जाणारेही होते म्हणे! १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं. ठशांची वर्गवारी बसवण्याचं काम तिथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा आपल्या माणसांनी केलं, पद्धतीला नाव मात्र त्यांच्या साहेबाचं, हेन्रीचं पडलं. कष्ट एकाचे, नाव दुसऱ्याचं, हीसुद्धा एक चोरीच म्हणायची.

कायद्यात तोतयेगिरी पहिल्यापासून होती. १८६० च्या दंडसंहितेत ४१६ आणि ४१९ ही कलमं तोतयेगिरी करून ठकवण्याबद्दल होती, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हे कलम ३१९ आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. पण मध्ये एक नवी गोष्ट घडली. २००५ साली पुण्यातल्या एका कॉल सेंटरमधल्या काही पोरांनी अमेरिकेतल्या सिटीबँकेच्या ग्राहकांशी गोड बोलून त्यांचे पिन नंबर काढून घेतले आणि लाखो डॉलर वळवले. इथे वेषांतर नाही, चेहऱ्याचं साम्य नाही, फक्त चार आकडे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा होता, २००८ मध्ये तो दुरुस्त झाला आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून ६६ सी हे कलम लागू झालं. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा ओळखीची अशी कुठलीही खूण लबाडीने वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तक्रार लिहिताना हा आकडा लक्षात ठेवा, ६६ सी. मोबाइल किंवा कॉम्प्युटरवरून तोतया बनून फसवलं तर ६६ डी.

आणि त्यानंतर वर्षभरात, २९ सप्टेंबर २०१० ला, आपल्याच महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. पहिला मान एका आदिवासी बाईला मिळाला. ज्यांच्याकडे कुठलाच कागद नव्हता त्यांना कागद मिळाला, हे मोठं काम झालं, मी ते नाकारत नाही. आमच्या चाळींत उत्तर प्रदेश, बिहारपासून जव्हार-मोखाड्यापर्यंतच्या बायका राहतात, त्यांचं बँकेत खातं उघडलं ते आधारमुळे. पण अंगठा हाच पुरावा झाल्यावर चोर अंगठ्यामागे लागले. २०१८ साली तेलंगणात एका सिमकार्डवाल्याने जमिनीच्या नोंदणी दस्तांवरचे ठसे उतरवून त्यांचे रबरी अंगठे बनवल्याचं उघड झालं. हर्शेलने ज्या दस्तावर ठसा घ्यायला सुरुवात केली, चोरी तिथूनच!

आता आमच्या गटातलं सांगते. ताईचं नाव सांगत नाही. ती इंडस्ट्रीत एका गाळ्यात पॅकिंगला जाते. गेल्या वर्षी आमच्या गटाचं कर्ज बँकेत अडलं. साहेब म्हणाले, तुमच्या एका सभासदाचं सिबिल खराब आहे, थकीत कर्ज आहे. ताई म्हणाली, मी आयुष्यात कर्ज घेतलेलं नाही. बाकीच्या दहाजणी तिच्याकडे बघायला लागल्या. त्याच आठवड्यात वसुलीवाला चाळीत आला आणि चार दारांसमोर तिचं नाव घेऊन ओरडला. नवऱ्याने विचारलं, पैसे कुणाला दिलेस? तिला सगळ्यात जास्त ते लागलं. पार्वतीबाईंना तरी दुसरं कुणी भाऊ बनून आल्याचं बघावं लागलं. इथे दुसरं कुणी तीच बनलं होतं आणि ती नाही हे तिलाच सिद्ध करायचं होतं.

झेरॉक्स कुठून गेली ते आजवर कळलेलं नाही. कामावर लागताना दिली होती, सिम घेताना दिली होती, खोली भाड्याने घेताना दिली होती. आणि खरं सांगायचं तर मीही सगळ्यांच्या आधारचे फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर मागवले होते, सोपं पडतं म्हणून. ते मी आता बंद केलंय. आम्ही आधारची मास्क्ड प्रत घेतो, जिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहितो, कशासाठी दिली आणि कुठल्या तारखेला दिली.

ताईसाठी आम्ही आधी तिचा क्रेडिट रिपोर्ट काढला. प्रत्येक क्रेडिट कंपनीला वर्षातून एकदा तो फुकट द्यावा लागतो, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. त्यात कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव, तारीख, रक्कम दिसली. पैसे ज्या खात्यात गेले ते खातं ताईचं नव्हतं, कर्जावरचा मोबाइल नंबरही तिचा नव्हता. हे दोन मुद्दे घेऊन सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार केली, तिची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी उद्या या म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही सहाजणी गेलो. तक्रारीची पोच हातात घेतल्याशिवाय उठलो नाही. मग कंपनीला आणि क्रेडिट कंपनीला लेखी कळवलं. चुकीची नोंद तीस दिवसांत निकाली काढावी लागते, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून आहे. कर्ज देणाऱ्याने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. त्यांचा माहितीसाठी फोन १४४४८ आहे. आम्ही ते पत्रात लिहिलं, आणि त्यानंतर कंपनीचं उत्तर आलं.

खात्यातून पैसेच गेले असतील तर गोष्ट वेगळी. तिथे महिन्यांचा नाही, तासांचा हिशोब असतो. लगेच १९३० ला फोन लावायचा आणि बँकेला कळवायचं. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडवता आले तरच परत मिळण्याची आशा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे तुमची चूक नसताना बाहेरच्या कुणी व्यवहार केला आणि तुम्ही बँकेकडून कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तक्रार केली, तर तुमच्यावर तोशीस नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून लाजेने चार दिवस गप्प बसू नका. बायका बसतात. नवरा काय म्हणेल, सासू काय म्हणेल, याच विचारात वेळ जातो.

अंगठ्याचं एक राहिलं. आधारच्या अॅपवर ठशांना कुलूप लावता येतं. मग तुमचा रबरी अंगठा कुणी कितीही दाबला तरी पैसे निघत नाहीत. अडचण एवढीच की रेशन दुकानात तुमचाही अंगठा चालत नाही, तेवढ्यापुरतं उघडावं लागतं. आमच्या सभासदांच्या मुली आता रेशनच्या दिवशी सकाळी आईचं कुलूप उघडून देतात. त्यासाठी आधारला स्वतःचा चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. आमच्या एका गटात तपासलं तर चौघींच्या आधारला बंद पडलेले नंबर होते, एकीच्या आधारला जुन्या घरमालकाचा!

ताईची नोंद अडीच महिन्यांनी साफ झाली. गटाचं कर्जही मंजूर झालं. तिने कंपनीचं पत्र चाळीत घरोघर नेऊन दाखवलं, वसुलीवाला जिथे उभा राहून ओरडला होता त्या चारही दारांत. मला वाटलं, झालं. पण मला तो रत्नागिरीचा कैदी आठवत होता. म्हणून सहा महिन्यांनी आम्ही ‘संचार साथी’ या सरकारी सोयीवर तिच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघितलं. तीन निघाली. एक तिचं, एक तिच्या मुलाकडचं आणि तिसरं कुणाचं ते कुणालाच ठाऊक नाही. ‘हा माझा नंबर नाही’ असं तिने तिथेच नोंदवलं. आता दर तीन महिन्यांनी, गटाच्या बैठकीत हिशोबाची वही मिटली की, ती सगळ्यांचे फोन मागून घेते आणि एकेकीची यादी मोठ्याने वाचते.