फायलींचे गाठोडे

साठा-नोंदवही भरताना आपण सगळेच एक युक्ती करतो. वरच्या ओळीतला मजकूर खाली जसाच्या तसा यायचा असेल, तर तो पुन्हा लिहीत नाही. दोन छोट्या रेघा ओढतो. वाचणाऱ्याला त्या खुणेचा अर्थ ठाऊक असतो. त्यामुळे माहिती काहीच हरवत नाही, पण जागा आणि वेळ वाचतो. संगणकावर फायली ‘झिप’ करताना आतमध्ये बरेचसे हेच चाललेले असते. या साध्या युक्तीला शास्त्राचे रूप कसे आले, ते या लेखात पाहू. त्यात एका वर्गातली परीक्षा आहे आणि एक कोर्टकचेरीही आहे.

बांधणे वेगळे, आवळणे वेगळे

आधी एक गैरसमज दूर करू. फायली एकत्र बांधणे आणि त्यांचा आकार कमी करणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. १९७९ साली बेल प्रयोगशाळेतून युनिक्स या संगणकप्रणालीची सातवी आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात ‘टार’ नावाचा प्रोग्रॅम होता. हे नाव ‘टेप आर्काइव्ह’ या शब्दांवरून आले, कारण तेव्हा फायली जपून ठेवायच्या त्या चुंबकीय फितीवर. टार प्रत्येक फायलीच्या आधी ५१२ बाइटची एक चिठ्ठी लावतो. तिच्यावर फायलीचे नाव, आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ लिहिलेली असते. मग तो फायली एकापाठोपाठ एक रचतो. यात आकार कमी होत नाही. चिठ्ठ्यांमुळे थोडा वाढतोच! आवळण्याचे काम दुसऱ्या प्रोग्रॅमकडे असते. म्हणून तर अशा गाठोड्याच्या नावाला ‘टार’ आणि ‘जीझेड’ अशी दोन शेपटे दिसतात.

आजही लिनक्सवर आज्ञा टंकून हे काम करता येते. ‘टार’ या शब्दानंतर काही अक्षरे द्यायची. ‘सी’ म्हणजे गाठोडे तयार कर, ‘एक्स’ म्हणजे उलगड, ‘टी’ म्हणजे आत काय आहे त्याची यादी दाखव, ‘झेड’ म्हणजे जीझिपने आवळ किंवा सैल कर, आणि ‘एफ’ नंतर गाठोड्याचे नाव. एक सवय मात्र लावून घ्यावी. उलगडण्यापूर्वी ‘टी’ देऊन यादी पाहावी आणि रिकाम्या फोल्डरमध्येच गाठोडे सोडावे. नाहीतर आतल्या एखाद्या फायलीचे नाव आपल्या फायलीसारखेच निघाले, तर आपली फाइल पुसली जाऊ शकते.

परीक्षेऐवजी टिपण

आता आवळण्याकडे वळू. मोर्सच्या तारायंत्राच्या लिपीत इंग्रजी ‘ई’साठी फक्त एक टिंब आहे, कारण ते अक्षर फार वेळा येते. क्वचित येणाऱ्या अक्षरांच्या खुणा लांब आहेत. पण सर्वांत काटकसरीच्या खुणा कोणत्या, हे ठरवायचे कसे? क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली माहितीचे गणित मांडले. त्यांनी आणि रॉबर्ट फॅनो यांनी खुणा पाडण्याची एक रीत शोधली. ती चांगली होती, पण प्रत्येक वेळी सर्वोत्तम ठरत नव्हती.

१९५१ साली फॅनो अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत शिकवत होते. त्यांनी विद्यार्थ्यांना पर्याय दिला : अंतिम परीक्षा द्या किंवा एका प्रश्नावर टिपण लिहा. सर्वोत्तम खुणा शोधण्याचा हाच तो प्रश्न. तो आपल्याला आणि शॅनन यांना सुटलेला नाही, हे मात्र फॅनोंनी सांगितले नाही. डेव्हिड हफमन नावाच्या विद्यार्थ्याने टिपण निवडले. कित्येक महिने खटपट करून तो थकला. आता परीक्षेचाच अभ्यास करू, असे ठरवून कागद टाकून देण्याच्या बेतात असतानाच त्याला उत्तर सुचले. फॅनो वरून खाली येत होते, म्हणजे सगळ्या अक्षरांचे दोन गट, मग त्यांचे आणखी गट, असे पाडत होते. हफमनने खालून वर जायचे ठरवले.

ही रीत फळ्यावर सहज दाखवता येते. समजा, १६ प्रश्नांच्या उत्तरांत ‘अ’ ८ वेळा, ‘ब’ ४ वेळा, ‘क’ आणि ‘ड’ प्रत्येकी २ वेळा आले. प्रत्येक अक्षराला शून्य-एकच्या दोन खुणा दिल्या, तर ३२ खुणा लागतील. आता सर्वांत कमी वेळा येणारी दोन अक्षरे, ‘क’ आणि ‘ड’, यांची जोडी करा, बेरीज ४. तिला ‘ब’ जोडा, बेरीज ८. तिला ‘अ’ जोडा, झाले १६. प्रत्येक जोडीत एका बाजूला ० आणि दुसऱ्या बाजूला १ लिहीत गेले, की अ = ०, ब = १०, क = ११०, ड = १११ असे मिळते. आता खुणा लागतात ८ + ८ + ६ + ६, म्हणजे २८. गंमत अशी, की मध्ये स्वल्पविराम नसला तरी वाचताना घोटाळा होत नाही, कारण कोणतीही खूण दुसऱ्या खुणेची सुरुवात नाही. ०११०१०० हे मुलांना वाचायला द्या. ‘अकबअ’ एवढेच निघेल.

मागे पाहा

हफमनची रीत एकेका अक्षराचा विचार करते. नोंदवहीतल्या दोन रेघांची युक्ती मात्र अख्खा तुकडा उचलते. तिला गणिती रूप दिले ते इस्राएलमधील हैफाच्या टेक्निऑन संस्थेतल्या याकोव झिव आणि अब्राहम लेंपेल यांनी, १९७७ आणि १९७८ सालच्या दोन शोधनिबंधांत. पहिल्यातली कल्पना अशी : मजकुराचा एखादा तुकडा आधी येऊन गेला असेल, तर तो पुन्हा लिहू नका, ‘इतकी अक्षरे मागे जा आणि तिथली इतकी अक्षरे उचला’ एवढेच लिहा. झिप आणि जीझिप आधी ही रीत वापरतात आणि उरलेल्यावर हफमनची.

मराठी मजकूर अशा रीतीने छान आवळला जातो. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, ३ बाइट घेते. त्यांतला पहिला बाइट नेहमी तोच असतो आणि दुसरा फक्त दोनांपैकी एक. एवढी पुनरावृत्ती असल्यावर आवळायला वाव मिळणारच.

मग आवळलेली फाइल पुन्हा आवळली तर? काही उपयोग होत नाही. पुनरावृत्ती आधीच संपलेली असते. शिवाय सगळ्याच फायली लहान करणारी रीत असूच शकत नाही. शून्य-एकच्या तीन-तीन खुणांच्या ८ ओळी होतात. त्यांहून लहान ओळी, कोरी ओळ धरूनही, ७च भरतात. ८ जणांना ७ खुर्च्या कशा पुरणार?

कल्पना कोणाची?

१९८४ साली टेरी वेल्च यांनी झिव-लेंपेल यांच्या दुसऱ्या रीतीत सुधारणा केली. युनिक्सवरचा ‘कॉम्प्रेस’ प्रोग्रॅम तिच्यावरच उभा राहिला. पण तिचे पेटंट होते आणि ते पुढे युनिसिस कंपनीकडे गेले. जिफ चित्रांतही तीच रीत होती. १९९४च्या अखेरीस तिच्यासाठी परवाना-शुल्क मागितले जाऊ लागले, तेव्हा पर्याय म्हणून पीएनजी हा चित्रप्रकार जन्माला आला. अमेरिकेतले पेटंट २००३ साली संपले.

दुसरीकडे ‘आर्क’ या प्रोग्रॅमच्या निर्मात्या कंपनीने १९८८ साली फिल कॅट्झ यांच्यावर नक्कल केल्याचा दावा लावला. तो तडजोडीने मिटला आणि कॅट्झ यांना पैसे भरावे लागले. लगेच १९८९ साली त्यांनी नवा ‘झिप’ प्रकार आणला आणि त्याची रचना सर्वांसाठी जाहीर केली. झिप जगभर पसरण्याचे हे एक मोठे कारण. १९९२ साली ज्याँ-लू गेयी आणि मार्क ॲडलर यांनी पेटंटच्या कचाट्यात नसलेला जीझिप लिहून सर्वांना मोकळा दिला. हफमन यांनी तर आपल्या रीतीचे पेटंट घेतलेच नाही.

आम्हाला या इतिहासात सर्वांत जास्त विचार करायला लावतो तो फॅनोंचा वर्ग. प्रश्न अवघड आहे, मोठमोठ्यांना सुटलेला नाही, असे आधीच सांगितले असते, तर हफमनने तो निवडला असता का? आणि विद्यार्थ्याला हे न सांगणे योग्य होते का? पुढच्या शिक्षक-बैठकीत यावर जरूर वाद घालू. तोवर वर्गात १६ उत्तरांचे कोडे फळ्यावर मांडून पाहा आणि अक्षरे कमी-जास्त वेळा आली तर खुणा कशा बदलतात, ते मुलांनाच शोधू द्या.