गारव्याचा धंदा आणि निरोपाची वाट

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, एका बाजूस भीमा आणि दुसऱ्या बाजूस सीना असूनही पर्जन्यछायेतून न सुटलेला कर्जत तालुका उन्हाळ्याच्या सामर्थ्याशी पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. या जिल्ह्यात उष्म्याचे निवारण ही एके काळी राजविलासाची बाब होती. निजामशाहीत १५८३ च्या सुमारास पुरा झालेला नगरजवळचा फराहबाग महाल चहूकडून तलावाने वेढलेला होता आणि त्या पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याने त्याची दालने निवत असत. इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांच्या दारांना वाळ्याचे पडदे लावून ते दिवसभर भिजवले जात. आज मात्र औषधांच्या दुकानातला फ्रीज, दवाखान्यातला एसी, घरोघरचे कूलर आणि या सर्वांहून मोलाचा असा दूध संकलन केंद्रातला बल्क कूलर, यांवर सामान्य माणसाचा संसार अवलंबून आहे. ही यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडेच थंडीत गिझर आणि सौरबंब यांची कामे येतात. असा धंदा करणाऱ्या दुकानदारापुढे आता क्लाउड टेलिफोनची, म्हणजे ग्राहकांचे फोन दूरच्या संगणकांवरून कारागिरांकडे वळवणारी, कोणती यंत्रणा घ्यावी हा प्रश्न उभा आहे. तो नवा दिसत असला तरी निरोप योग्य माणसापर्यंत वेळेवर कोणी पोहोचवायचा, या फार जुन्या प्रश्नाचेच ते आजचे रूप आहे, आणि त्या इतिहासाचा परामर्श घेतल्यावाचून ही निवड डोळसपणे होणार नाही, असे मला वाटते.

पेशवाईत सरकारी पत्रे जासूद आणि हरकारे नेत. गावपातळीवर मात्र कुळकर्ण्याने मजकूर लिहावा, पाटलाने हुकूम द्यावा आणि महाराने उन्हापावसात, वेळी-अवेळी तो परगावी पोहोचवावा, अशी वहिवाट होती. वतनाच्या तुटपुंज्या जमिनीपोटी एका समाजाच्या साऱ्या वेळेवर सरकार आणि गाव यांनी हक्क सांगितला, हा या इतिहासातला लाजिरवाणा भाग आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच अन्यायाविरुद्ध. आणि ती कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. निरोप पोहोचवणाऱ्याच्या वेळेला मोल असते, ही गोष्ट आपल्या समाजाने इतक्या उशिरा मान्य केली असल्यामुळे, निरोपाच्या कोणत्याही नव्या यंत्रणेचा विचार करताना ती प्रथम आठवली पाहिजे.

मुंबईत टेलिफोनची एक्स्चेंज २८ जानेवारी १८८२ रोजी सुरू झाली. परंतु तालुक्याच्या गावांना तिचा लाभ मिळण्यास दीर्घ काळ जावा लागला आणि मिळाला तोही ट्रंक कॉलच्या रूपाने. कॉल नोंदवायचा, साधा, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचे आणि मग तासन्‌तास ताटकळत बसायचे, हा क्रम ज्यांनी अनुभवला आहे त्यांना त्यातली एक सोय निश्चित आठवत असेल. ती म्हणजे पी.पी. कॉल. विवक्षित व्यक्तीच बोलण्यास हवी असे सांगितले, तर ऑपरेटर तिचा शोध घेई. ज्यांच्या घरी फोन नव्हता ते शेजारच्या दुकानाचा नंबर आपल्या कार्डावर ‘पी.पी.’ अशा खुणेसह छापत आणि तो दुकानदार कोणी कारागीर कोणत्या वाडीला गेला आहे हे ठाऊक ठेवून, पोराला सायकलीवर पिटाळून, निरोप धाडत असे. यंत्र, ऑपरेटर आणि शेजारी अशा तिघांच्या सहकार्याने चालणारी ही व्यवस्था मंद होती खरी, पण कोणाला कोण हवे आहे, हे तिला कळत असे, आणि हा तिचा गुण मला आजही अनुकरणीय वाटतो.

यानंतरचा टप्पा आपल्या विषयाशी विलक्षण रीतीने जोडलेला आहे. परदेशी बनावटीच्या इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजना वातानुकूलित खोली लागे, आणि ज्या गावात वीजच धड टिकत नाही तेथे ती खोली आणायची कोठून? १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने १२८ लाइनींची ग्रामीण एक्स्चेंज तयार केली, ती उष्णता आणि धूळ सोसून वातानुकूलनावाचून चालावी याच हेतूने, आणि १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ती प्रथम कार्यान्वित झाली. खेड्यापाड्यांत एसटीडीचे पिवळे फलक दिसू लागले, ते अशा यंत्रांच्या बळावर. क्लाउड यंत्रणेत हे चक्र उलट फिरले आहे. दुकानाचे एक्स्चेंज आता दुकानात नसते. ते नवी मुंबईसारख्या ठिकाणच्या डेटा सेंटरमधील भाड्याच्या संगणकांवर चालते आणि ते संगणक अहोरात्र गार ठेवावे लागतात. कर्जतच्या शीतयंत्र-कारागिराचा निरोप त्याच्याच विद्येच्या आधाराने त्याच्यापर्यंत येतो, याचे मला अप्रूप वाटते.

एक अडचण खास कर्जतकरांची आहे. महाराष्ट्रात तालुक्याची कर्जते दोन. दुसरे रायगड जिल्ह्यातले, रेल्वे स्थानकामुळे अधिक परिचित. सारख्या नावांच्या गावांमुळे टपालात होणारा घोटाळा टाळावा म्हणून संस्कृत पंडित आणि टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिनकोडाची योजना आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती अंमलात आली. तेव्हापासून आपले कर्जत ४१४४०२ आणि रायगडचे ४१०२०१. एसटीडीचे क्रमांकही असेच वेगळे, ०२४८९ आणि ०२१४८. नंबर पाहताच गावाची ओळख पटत असे. मोबाइलच्या आणि क्लाउडच्या नंबरात गाव उरत नाही. म्हणून दूरच्या शहरात बसून तक्रार नोंदवणाऱ्या माणसावर विसंबणाऱ्या यंत्रणेपेक्षा, ग्राहकाला मराठीत त्याचे गाव विचारून राशीनचा फोन राशीनकडच्या आणि मिरजगावचा मिरजगावकडच्या मेकॅनिकच्या मोबाइलवर वळवणारी यंत्रणा मी पसंत करीन.

निवडीची खरी कसोटी दूध संकलन केंद्रात लागते. धारेचे दूध सुमारे ३५ अंश उष्ण असते. ते ४ अंशांपर्यंत लवकर उतरले नाही तर नासते, आणि चैत्र-वैशाखात रात्री कंप्रेसर बंद पडला तर शेकडो लिटर दुधाचा, म्हणजे कित्येक घरांच्या कमाईचा, निकाल काही तासांत लागतो. तेव्हा मोटरसायकलीवर असलेल्या मेकॅनिकच्या मोबाइलला इंटरनेट मिळेलच असे नाही. म्हणून कॉल अखेर साध्या मोबाइल नेटवर्कवर उतरला पाहिजे, एकाने उचलला नाही तर दुसऱ्याकडे गेला पाहिजे आणि न उचललेल्या प्रत्येक कॉलची नोंद, जुन्या कचेरीतल्या बारनिशीप्रमाणे, राहिली पाहिजे. इंटरनेटवरचे बोलणे परवान्यावाचून साध्या टेलिफोनशी जोडणारी स्वस्त यंत्रे बाजारात दाखवली जातात. ती बेकायदा आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

पण मालकाने स्वतःच्या सोयीबरोबर कारागिराच्या झोपेचाही हिशेब ठेवावा. एकच कुशल माणूस आहे म्हणून दर रात्री त्याच्याच खिशातला फोन वाजत राहावा, ही जुन्या बिगारीचीच नवी तऱ्हा होईल. रात्रीच्या पाळ्या ठरवून यंत्रणेत भरता येतात. ज्याची पाळी नाही त्याला कॉल जाऊ नये, आणि ज्याची आहे त्याला त्या रात्रीचा वेगळा मेहनताना मिळावा. ग्राहकाला कारागिराचा खासगी नंबर न दिसता बोलणे व्हावे, ही सोयही मागून घ्यावी.

राहिला नंबराचा प्रश्न. मोबाइलचा नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची मुभा २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाली. क्लाउडच्या नंबराला ती आहे की नाही, हे सही करण्यापूर्वी विचारून करारपत्रात कलम म्हणून लिहून घ्यावे. दुकानाच्या पाटीवर, बिलावर आणि प्रत्येक कूलरच्या पाठीवर चिकटवलेला तो नंबर दुसऱ्याच्या मालकीचा असेल, तर वर्षानुवर्षांची गिऱ्हाइके एका सूचनेसरशी तुटतात. हे सारे फाल्गुनातच आटोपून, चैत्र लागण्यापूर्वी राशीन, मिरजगाव, कुळधरण आणि सिद्धटेक येथून साध्या मोबाइलवरून त्या नंबरला, दिवसा एकदा आणि मध्यरात्री एकदा, फोन लावून पाहावा.